सॉनिक स्क्रूड्रायव्हर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न (लाकडाचा पण आहे, दम धरा)

डॉक्टर हू बघायला लागलेला प्रत्येक माणूस तिसऱ्या-चौथ्या एपिसोडला एकच विचारतो, की त्याच्या हातात ते पेनासारखं काय आहे आणि त्याने सगळंच कसं काय उघडतं. भाच्यांना, ऑफिसातल्या लोकांना आणि एकदा तर खुर्चीत तोंड उघडं ठेवून दाताच्या डॉक्टरला हे समजावून झालंय माझं, म्हणून म्हटलं एकदाचं लिहूनच टाकू. पुढे कथा फुटतात, म्हंजे स्पॉयलर आहेत, पण १९६८ सालच्या गोष्टीला स्पॉयलर म्हणायचं का हा वेगळाच विषय.

सॉनिक स्क्रूड्रायव्हर म्हंजे नक्की काय?

डॉक्टर हू ही बीबीसीची मालिका, २३ नोव्हेंबर १९६३ ला सुरू झाली. हिरोला सगळे नुसतं डॉक्टर म्हणतात, तो गॅलिफ्रे ग्रहावरचा टाइम लॉर्ड, टारडिस नावाच्या निळ्या पोलीस बॉक्समधून काळात आणि अवकाशात हिंडतो आणि मरायला टेकला की नव्या चेहऱ्याने परत उभा राहतो, म्हणूनच इतके नट बदलून पण मालिका चालूच आहे. सॉनिक हे त्याच्या खिशातलं हातभर सुद्धा नसलेलं अवजार. बटण दाबलं की टोकाला दिवा लागतो, झीईईई असा आवाज येतो आणि समोरचं कुलूप, दार, कॉम्प्युटर, लिफ्ट, जे काय असेल ते ऐकायला लागतं. नावाप्रमाणे सगळं काम आवाजाच्या लहरींवर.

आपल्याकडे समजावताना मी टेस्टरचं उदाहरण देतो. घरातला टेस्टर खरं म्हंजे करंट आहे का बघायला, पण आपण त्याने रंगाच्या डब्याचं झाकण उचकटतो, मिक्सरचा स्क्रू फिरवतो, खिळ्याचं भोक मोठं करतो, ट्यूबलाइटच्या स्टार्टरला डिवचतो, आणि वडील असतील तर कानपण खाजवतात. डॉक्टरचा सॉनिक म्हंजे तोच टेस्टर, फक्त पाचशे पटीने. आमच्या आईने तर माझ्या शोपीसचं नावच "तुझा तो टेस्टर" ठेवलंय.

पण स्क्रूड्रायव्हरच का? हिरोला पिस्तूल नको?

हाच मुद्दा आहे सगळा. मराठीत सुताराच्या रंध्याला पण हत्यार म्हणतात आणि सैनिकाच्या बंदुकीला पण हत्यारच म्हणतात, आपला एकच शब्द. डॉक्टर पहिल्या अर्थाचं हत्यार बाळगतो आणि दुसऱ्या अर्थाचं टाळतो (बहुतेक वेळा, खोटं कशाला बोला). २००५ च्या द डॉक्टर डान्सेस मधे कॅप्टन जॅक हार्कनेसकडे चांगली सॉनिक ब्लास्टर बंदूक असते, भिंतीला चौकोनी भोक पाडणारी, आणि डॉक्टरला स्वतःकडे फक्त सॉनिक स्क्रूड्रायव्हर आहे हे कबूल करायला अक्षरशः लाज वाटते. जॅकचा प्रश्न असा की स्क्रूड्रायव्हर बघून कुणाला वाटेल की हा अजून सॉनिक करूया, आणि डॉक्टर चिडून विचारतो तुला कधी रिकामा वेळ मिळाला नाही का, ढिगाने कपाटं लावायची नव्हती का. गंमत म्हंजे त्या एपिसोडमधे शेवटी काम कुणाचं होतं ते बघा.

२०१३ च्या पन्नाशीच्या खास भागात, द डे ऑफ द डॉक्टर, दोन तरुण डॉक्टर (एकाच डॉक्टरचे वेगवेगळे चेहरे, इथे एकत्र भेटतात) समोरच्यावर बंदूक रोखावी तसे सॉनिक रोखून उभे राहतात आणि जॉन हर्टचा म्हातारा वॉर डॉक्टर त्यांची पार काढतो, ही शास्त्रीय उपकरणं आहेत, पाण्याच्या पिचकाऱ्या नाहीत. थिएटरात असतो तर शिट्टी मारली असती.

पहिल्यांदा कधी दिसला?

मार्च १९६८. फ्युरी फ्रॉम द डीप नावाची सहा भागांची कथा, लेखक व्हिक्टर पेंबर्टन, आणि दुसरा डॉक्टर पॅट्रिक ट्राउटन. समुद्रकिनाऱ्यावर गॅसची पाइपलाइन आहे, तिच्यावरच्या झडपेच्या पेटीचे स्क्रू डॉक्टर एका छोट्या दांडीने, हात न लावता काढून दाखवतो, बरोबरचे बघत राहतात आणि तो म्हणतो सगळी आवाजाच्या लहरींची करामत. बस. एवढंच. पन्नास-साठ वर्षं टिकेल असं काही निर्माण करतोय हे तेव्हा कुणाच्या डोक्यात पण नसणार.

आणि वाईट गोष्ट ही की तो सीन आज बघताच येत नाही. बीबीसीने तेव्हा जुन्या टेप पुसून परत वापरल्या, त्यात या कथेचे सहाच्या सहा भाग गेले. आवाज शिल्लक आहे कारण त्या काळच्या प्रेक्षकांनी टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून रेकॉर्ड केलं होतं, त्याच आवाजावर २०२० मधे अॅनिमेशन काढलं. आणि थोडे चित्राचे तुकडे पण आहेत, ते का वाचले माहितीये? ऑस्ट्रेलियाच्या सेन्सॉरने फार भीतीदायक म्हणून कापून बाजूला ठेवले होते. जे दाखवायचं नव्हतं तेवढंच उरलं.

सुरवातीला फक्त स्क्रूच काढायचा का?

जवळपास. पण फार वेळ नाही. त्याच १९६८ मधे द डॉमिनेटर्स मधे डॉक्टर त्याचा गॅसकटरसारखा वापर करून भिंत कापतो, म्हंजे काही महिन्यांतच लेखकांना चटक लागली. पुढे जॉन पर्टवीच्या तिसऱ्या डॉक्टरने तर १९७२ च्या द सी डेव्हिल्स मधे सॉनिकने समुद्रकिनाऱ्यावर पुरलेले सुरुंग उडवले, तेव्हा मगाशी मी जे पिस्तूल नको वगैरे बोललो त्याला हा अपवाद धरा. टॉम बेकरच्या काळात, म्हंजे १९७४ ते ८१, तो इतका नेहमीचा झाला की १९७८ च्या एका कथेत डॉक्टर स्वतःच म्हणतो की यातून मला सॉनिक पण सोडवू शकणार नाही. पात्रालाच कळलं होतं की हे जरा जास्त होतंय.

त्याची साथीदार रोमाना पण टाइम लेडी, तिने स्वतःचा सॉनिक बनवला, तो याच्यापेक्षा भारी निघाला आणि डॉक्टर गुपचूप अदलाबदल करायला बघतो. शेजारच्याचा कुकर आपल्यापेक्षा चांगला निघाल्यावर जी माणसाची अवस्था होते तीच.

मग ८० च्या दशकात गायब का झाला?

कारण निर्मात्याने मारून टाकला. फेब्रुवारी १९८२, द व्हिजिटेशन, पाचवा डॉक्टर पीटर डेव्हिसन. कथा १६६६ च्या लंडनमधली, शेवटी लंडनची ती मोठी आग लागते. डॉक्टर कोठडीत असतो, टेरिलेप्टिल जातीचा एलियन सॉनिकवर गोळी झाडतो, तुकडे होतात आणि डॉक्टर म्हणतो जणू माझा जुना मित्र मारलास. त्या वेळचा निर्माता जॉन नेथन-टर्नर, त्याला वाटायचं की डॉक्टरला कोठडीत टाकून काही उपयोगच नाही, तो खिशातून हे काढणार आणि बाहेर. के-नाइन नावाचा रोबोट कुत्रा पण त्याच्याच काळात, १९८१ च्या सुरवातीला मालिकेतून गेला, त्याच्या नाकात लेसर होती ना, तो पण सगळे प्रश्न पटकन सोडवायचा.

मला विचाराल तर निर्णय बरोबर होता. काही लोक अजून शिव्या घालतात, घालू देत. तुम्ही लेखक आहात, हिरोला चार भाग पुरवायचेत, आणि प्रत्येक कुलूप दोन सेकंदात उघडतंय, तर लिहिणार काय? सहाव्या डॉक्टरने १९८५ मधे सॉनिक लान्स नावाची एक चुलत वस्तू वापरली ती सोडली तर १९९६ च्या टीव्ही चित्रपटापर्यंत, म्हंजे चौदा वर्षं, सॉनिक नाहीच.

मग २००५ ला परत आणला तो चुकीचा निर्णय का?

नाही, तो पण बरोबर होता, आणि हे लोकांना पटत नाही. जुन्या मालिकेत एक कथा पंचवीस मिनिटांच्या चार किंवा सहा भागांत चालायची, तिथे कोठडीत अडकणं हा एक अख्खा भाग भरून काढायचा मार्ग होता (आणि खरं सांगायचं तर कंटाळवाणा). २६ मार्च २००५ ला रोझ या एपिसोडने नवी मालिका सुरू झाली ती पंचेचाळीस मिनिटांची, एका बैठकीत गोष्ट संपवायची, तिथे दारासमोर दहा मिनिटं घालवणं परवडतच नाही. म्हणून दार उघडायला सॉनिक, पहारेकऱ्याला गंडवायला सायकिक पेपर नावाचा कोरा कागद, ज्याच्यावर समोरच्याला हवं ते ओळखपत्र दिसतं, आणि गोष्ट मूळ मुद्द्यावर. दार हा मुद्दा नसेल तर दार पटकन उघडावं. दारच मुद्दा असेल तर मात्र सॉनिक चालता कामा नये, आणि त्यासाठी लेखकांनी काय काय युक्त्या काढल्या ते खाली आहे.

नक्की काय काय करतो, यादी द्या की

यादी देत नाही, संपणार नाही, आठवतं तसं सांगतो. कुलपं उघडणं आणि बंद करणं हे रोजचं. दुसरं मोठं काम स्कॅनिंग, म्हंजे कुठेतरी फिरवायचा, मग डोळ्यासमोर धरून गंभीर चेहऱ्याने बघायचा, जणू त्यावर रिपोर्ट छापून आलाय. अकरावा डॉक्टर झालेला मॅट स्मिथ हे इतकं झटक्यात करायचा की आम्ही पण कॉलेजात पेनाने करायचो. एटीएममधून नोटांचा पाऊस पाडलाय, २००६ च्या नाताळच्या एपिसोडमधे, रोबोट सांताक्लॉज मागे लागलेले तेव्हा गर्दी जमवायला. त्याच एपिसोडमधे लग्नाच्या रिसेप्शनच्या डीजेच्या स्पीकरला सॉनिक लावून त्या आवाजानेच ते रोबोट फोडलेत, आणि हा माझ्या मते सॉनिकचा सगळ्यात प्रामाणिक वापर आहे कारण त्यात खरंच आवाज आहे. आपल्याकडच्या वरातीत असता तर सॉनिकचीसुद्धा गरज पडली नसती.

त्याची साथीदार मार्था, तिच्या मोबाइलला कुठल्याही काळात, कुठल्याही ग्रहावर रेंज मिळवून दिलीय. काँक्रीट थरथरवून भुसभुशीत करतो. काटेरी तार परत जोडायची वेगळी सेटिंग आहे, तिचा नंबर पण डॉक्टर सांगतो, २४२८-डी. विचार करा, म्हंजे किमान दोन हजार चारशे अठ्ठावीस सेटिंग, आणि सगळी एकाच बटणावर. आमच्या वॉशिंग मशीनच्या चौदा अजून कळल्या नाहीयेत.

आणि एक वापर असा की ज्यात सॉनिक काहीच करत नाही. २००५ मधे डाउनिंग स्ट्रीटवर स्लिदीन नावाचे हिरवे एलियन घेरतात तेव्हा डॉक्टर एका हातात दारूची सुरई आणि दुसऱ्या हातात सॉनिक धरून धमकी देतो की या दारूचा भडका तिप्पट करीन. एलियनांनाच शंका येते की थापा मारतोय, आणि मारतच असतो. पण तेवढ्यात दोन मिनिटं मिळतात.

काय करू शकत नाही?

लाकूड. लाकडावर चालत नाही. २००८ च्या सायलेन्स इन द लायब्ररी मधे लाकडी दारासमोर डॉक्टर हतबल उभा राहतो आणि त्याची साथीदार डोना टोमणा मारते की हे काय, लाकडावर चालत नाही? पूर्ण विश्व वाचवणाऱ्या माणसाला साधं फळ्यांचं दार अडवतं. मला हे प्रचंड आवडतं.

आणि शास्त्राने बघितलं तर अगदीच हवेत नाहीये. घरात करून बघा. स्टीलच्या ताटाला चमचा मारा, टणणण करून किती वेळ वाजत राहतं. आता तोच चमचा पोळपाटाला मारा. ठक. संपलं. धातूत कंपनं फिरत राहतात, लाकडात तंतू आणि पोकळ्या असतात, ते कंपनाची ऊर्जा गिळून टाकतात. कुलूप धातूचं असेल तर त्याला आवाजाने हलवता येईल अशी कल्पना तरी करता येते, लाकडाच्या आडण्याला काय हलवणार. वाड्याचं दिंडी दरवाजाचं अडसर म्हंजे डॉक्टरचा खरा शत्रू, डालेक, म्हंजे मालिकेतले त्याचे पक्के वैरी, राहिले बाजूला.

दुसरं म्हंजे डेडलॉक सील. हे लेखकांचं सरळ सरळ कुलूप, एखादं दार उघडायला नकोच असेल तर पात्र म्हणतं हे डेडलॉक आहे आणि विषय बंद. लाकडात निदान गंमत आहे, डेडलॉक म्हंजे आळस.

ते चारशे वर्षांचं गणित काय प्रकरण आहे?

अहाहा. परत द डे ऑफ द डॉक्टर. १५६२ साली टॉवर ऑफ लंडनमधे तीन वेगवेगळ्या वयाचे डॉक्टर एकाच कोठडीत, दार लाकडी. वॉर डॉक्टर म्हणतो दाराच्या प्रत्येक रेणूचं गणित करून सॉनिकने ते विरघळवता येईल, पण हिशोबाला काही शतकं लागतील. मग लक्षात येतं की तिघांचे सॉनिक दिसायला वेगळे असले तरी आतलं सॉफ्टवेअर तेच, फक्त वरचं कव्हर बदललंय. म्हंजे म्हाताऱ्याने आत्ता गणित सुरू केलं तर चारशे वर्षांनी मोठ्या झालेल्या डॉक्टरच्या सॉनिकमधे ते आत्ताच पूर्ण झालेलं असणार. बघतात तर खरंच झालेलं. तिघं खूश होऊन सॉनिक उचलतात आणि तेवढ्यात त्यांची साथीदार क्लारा दार ढकलून आत येते.

दाराला कुलूपच नव्हतं. कुणी ढकलून बघितलंच नाही.

सॉनिकवरचा यापेक्षा चांगला विनोद अजून कुणी लिहिलेला नाही. आमच्या ऑफिसात सर्व्हर डाउन म्हणून तीन जण दीड तास बसले होते आणि केबल निघालेली होती, तेव्हा मी हाच सीन सांगितला, कुणी हसलं नाही.

रिव्हर साँगकडे वेगळा सॉनिक का आहे?

कारण तो भविष्यातल्या डॉक्टरने दिलेला आहे. सायलेन्स इन द लायब्ररी आणि त्याचा पुढचा भाग फॉरेस्ट ऑफ द डेड, यात प्राध्यापक रिव्हर साँग पहिल्यांदा दिसते, तिच्याकडे डॉक्टरचाच सॉनिक पण जुनाट, लाल सेटिंग वगैरे जास्तीच्या, आणि डॉक्टरला कळेना की मी माझा सॉनिक असा कुणाला का देईन. ती मरते, मग त्याला सुचतं की भविष्यातल्या मला तर माहीत होतं ही मरणार, वर्षानुवर्षं विचार करायला वेळ होता, म्हंजे त्याने काहीतरी सोय केली असणार. सॉनिकचं कव्हर उघडतो, आत तिचं मन साठवलेलं असतं, आणि मग तो ते संपायच्या आत लायब्ररीच्या कॉम्प्युटरपर्यंत धावत सुटतो.

हे २००८ मधे. तो सॉनिक दिला कधी, ते दाखवलं २०१५ च्या नाताळला, बाराव्या डॉक्टरने, डॅरिलियम नावाच्या ग्रहावर जिथे एक रात्र चोवीस वर्षांची असते. प्रेक्षकांनी सात वर्षं वाट बघितली. या अवजाराने रडवलेलं एवढंच एक उदाहरण माझ्याकडे आहे, आणि इथे पण दार नाही, कुलूप नाही.

किती मॉडेल झाली? दिव्याचा रंग कुठला?

मोजायच्या भानगडीत पडत नाही कारण कुठला फरक मोजायचा यावर भांडणं होतात. नववा आणि दहावा डॉक्टर, निळा दिवा. मधे एकदा दवाखान्यातलं एक्स-रे मशीन जास्त ताणल्यामुळे जळला, शेवटी नवा आला. अकराव्याचा २०१० मधे पहिल्याच एपिसोडला फुटला आणि टारडिसने हिरव्या दिव्याचा, टोकाला नख्या उघडणारा मोठा दिला. त्याच वर्षीच्या नाताळात तो शार्कने अर्धा गिळला पण होता, विचारू नका. बाराव्याने २०१५ मधे सॉनिक सोडून चक्क सॉनिक गॉगल घातले, इंटरनेटवर दंगा झाला, मला वाईट नाही वाटले पण गॉगलचं बटण दाबता येत नाही ना, हात मोकळा राहतो आणि नटाला करायला काही उरत नाही. सीझनच्या शेवटी टारडिसने परत स्क्रूड्रायव्हर दिला.

तेराव्या डॉक्टरचा, जोडी व्हिटेकरचा, माझा आवडता. ऑक्टोबर २०१८, ती शेफील्डमधे पडते, खिशात काही नाही, मग एका गोदामात एलियनच्या यंत्राचे तुकडे आणि चमचे वितळवून स्वतः बनवते. शेफील्ड म्हंजे स्टीलचं गाव, तिथल्या सुऱ्या-चमचे जगभर गेले, त्यामुळे शेफील्डच्या स्टीलचा सॉनिक हे म्हंजे कोल्हापुरात उतरून स्वतःची चप्पल शिवून घेण्यासारखं झालं. ती म्हणते स्विस आर्मी नाइफसारखा आहे पण नाइफ सोडून, सुरी फक्त मूर्ख बाळगतात.

२०२३ मधे चौदाव्याला हवेत पडदे आणि ढाल काढणारा मिळाला, ते मला जरा अति वाटलं. पंधराव्याचा म्हंजे शूटी गाटवाचा चपटा, टीव्हीच्या रिमोटसारखा. गाटवाचा जन्म रवांडाचा, म्हणून त्यावर तिथली एक म्हण कोरलीय, जिभेची धार योद्ध्याच्या धारेला हरवते अशा अर्थाची.

बाकीच्यांकडे सॉनिक आहे का?

आहे की. सारा जेन स्मिथकडे सॉनिक लिपस्टिक, मिस फॉस्टरकडे सॉनिक पेन, रिव्हरकडे एकदा सॉनिक थापी, पुरातत्त्ववाली आहे ना ती.

खऱ्या आयुष्यात असं काही शक्य आहे का?

तुकड्या तुकड्यात आहे, आणि तुम्ही बहुतेक वापरलंय. माणसाला साधारण २० ते २०,००० हर्ट्झ ऐकू येतं, त्याच्या वरचा आवाज म्हंजे अल्ट्रासाउंड. दात साफ करताना तो चीईई करणारा स्केलर असतो, त्याचं टोक सेकंदाला पंचवीस-तीस हजार वेळा थरथरतं आणि दातावरचं किटण फुटून पडतं. हे अवजार तोंडात असतानाच न्यूयॉर्कच्या चार्ल्स केल्मन या डोळ्यांच्या डॉक्टरला सुचलं की याने मोतीबिंदू पण फोडता येईल, आणि १९६७ मधे त्याने पहिलं ऑपरेशन केलं. आपण ज्याला फेको म्हणतो ते हेच. सॉनिक स्क्रूड्रायव्हर टीव्हीवर आला १९६८ ला, म्हंजे खरा डॉक्टर आवाजावर चालणारं हत्यार घेऊन एक वर्ष आधीच हजर होता. माझ्या वडिलांचं फेको झालं तेव्हा मी हे त्यांना सांगितलं, ते म्हणाले आधी थेंब घाल.

मुतखडा फोडायची लिथोट्रिप्सी पण तीच जात, बाहेरून आवाजाचे धक्के देऊन आतला खडा चुरा करायचा, पहिला पेशंट १९८० मधे म्युनिकला. २०१२ मधे स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठात अल्ट्रासाउंडचा पिळदार झोत करून पाण्यातली रबराची चकती उचलली आणि फिरवली सुद्धा, आणि तिथल्या लोकांनी स्वतःच त्याला सॉनिक स्क्रूड्रायव्हर म्हटलं, कारण फिरवणं हे स्क्रूड्रायव्हरचं मूळ काम आहे ना. २०१५ मधे ब्रिस्टॉल वगैरे विद्यापीठांच्या लोकांनी ६४ छोटे स्पीकर लावून थर्माकोलचा मणी हवेत धरून इकडे तिकडे नेला.

मग खिशातला का बनत नाही? तर हवा. सोनोग्राफीच्या वेळी पोटावर तो गार जेल लावतात ना, तो त्यासाठीच असतो, कारण हवेतून अंगात जाताना जवळजवळ सगळा, ९९.९ टक्के वगैरे, आवाज परत फिरतो. धातूच्या बाबतीत तर अजून वाईट. म्हंजे पाच फुटांवरून कुलपाकडे सॉनिक रोखला तर आवाज कुलपावर आपटून तुमच्याकडेच येणार. खऱ्या जगात डॉक्टरला प्रत्येक दाराला आधी जेल फासावं लागलं असतं. आणि शिवाय बॅटरी, त्या ६४ स्पीकरना एक मणी उचलायला जेवढं लागतं ते बघता कुलपाचा लिव्हर उचलायला पाठीवर इन्व्हर्टर घेऊन फिरायला लागेल.

अवकाशात आवाज जात नाही, मग तिथे कसा चालतो?

चालायला नाही पाहिजे. बरोबर आहे तुमचं. पुढचा प्रश्न.

भारताचा काही संबंध आहे का?

सॉनिकचा थेट नाही, मालिकेचा मात्र पार पायापासून आहे. पहिल्या कथेचा दिग्दर्शक वारिस हुसेन, जन्म लखनौचा. २०१२ मधे डायनोसॉर्स ऑन अ स्पेसशिप मधे २३६७ सालची भारतीय स्पेस एजन्सी पृथ्वीकडे येणाऱ्या जहाजावर मिसाइल रोखून बसलेली दाखवलीय, मला तेव्हा उगीच छाती फुगल्यासारखं झालं होतं.

आणि नोव्हेंबर २०१८ चा डीमन्स ऑफ द पंजाब नक्की बघा, लेखक विनय पटेल. ऑगस्ट १९४७, पंजाबातलं एक शेत, हिंदू मुलगा आणि मुस्लिम मुलीचं लग्न आणि सीमा त्यांच्या दारातून जाते. एलियन आहेत, पण ते मारायला आलेले नाहीत. मारणारे ओळखीचेच आहेत. तेराव्या डॉक्टरच्या खिशात सॉनिक आहे आणि त्याचा काडीचा उपयोग नाही, ती फक्त पाठ फिरवून चालायला लागते आणि मागून गोळीचा आवाज येतो. लाकडाचा विनोद एकीकडे आणि हे एकीकडे, सॉनिक कुठे चालत नाही हे दोन्हीकडे कळतं.

विकत मिळतो का?

खेळणी भरपूर, ऑनलाइन मिळतात, बाहेरून मागवली तर कस्टमचा हिशोब आधी करा. मी पहिल्यांदा स्वस्तातली नक्कल घेतली होती, कुठून ते जाऊ दे, दिवा निळ्याऐवजी जांभळा आणि बटण एकदा अडकलं तर रात्री दोन वाजता कपाटात झीईईई, बायको उठून बसली. भारी हवा असेल तर २०१२ मधे वाँड कंपनीने अकराव्या डॉक्टरचा सॉनिक काढला होता जो खरंच टीव्हीचा युनिव्हर्सल रिमोट आहे, हात फिरवायच्या १३ पद्धती, ३ मेमरी बँक, म्हंजे एकूण ३९ कमांड साठवता येतात. मनगट वळवलं की आवाज वाढतो. फक्त आत इन्फ्रारेड आहे, सॉनिक काही नाही त्यात.

स्वतः बनवायचा असेल तर पुण्यात तपकीर गल्ली नाहीतर मुंबईत लॅमिंग्टन रोड, एक एलईडी, छोटा बझर, पुश बटण, बटण सेल आणि बाहेरून पीव्हीसी पाइपचा तुकडा. दुकानदाराला सॉनिक स्क्रूड्रायव्हर म्हणू नका, तो स्क्रूड्रायव्हरच काढून देतो. अनुभव आहे.

कुठून बघायला सुरू करू?

२००५ पासून, आरामात. एकच एपिसोड बघणार असाल तर ब्लिंक सगळे सुचवतात आणि ते बरोबरच आहे, पण त्यात डॉक्टरच कमी आहे, त्यामुळे सॉनिकसाठी आला असाल तर द डॉक्टर डान्सेस आणि त्याच्या आधीचा भाग जोडीने बघा.

माझ्या सॉनिकचा दिवा लागत नाहीये, काय करू?

सेल गेला असेल. खालचं झाकण फिरवून निघत नाही, जोर लावू नका, लहान मुलांनी सेल गिळू नये म्हणून खेळण्यांच्या झाकणाला बारीक स्क्रू असतो, नीट बघा, कडेला दिसेल. टेस्टर घ्या आणि उघडा.